भक्कम लाकडी योक घरी बनवताना: ढिलाई कुठे शिरते आणि ती कशी काढायची

माझा पहिला योक, म्हणजे संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये विमान उडवायचं हँडल, एवढ्या जाड लाकडाचा होता की त्यावर उभं राहिलं असतं तरी मोडला नसता. तरीही तो चार दिवसांत अडगळीत गेला. विमान सरळ रेषेत धरून ठेवायला गेलं की हँडल दोन-तीन अंश नुसतंच फिरायचं, पडद्यावर काही हलायचं नाही, आणि मग एकदम पंख कलायचा. धावपट्टी समोर आल्यावर हे दोन-तीन अंश फार महागात पडतात. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं: घरगुती योक कमकुवतपणामुळे वाया जात नाही, ढिलाईमुळे वाया जातो. लाकूड पुरेसं मजबूत असतंच. सगळा जीव ओतायचा तो सांध्यांवर, बेअरिंगवर आणि ताणाच्या दोऱ्यांवर.

योक म्हणजे मूळ अर्थाने जू. विमानात त्या जुवाला दोन हालचाली असतात. हँडल डावी-उजवीकडे फिरवलं की विमान कलतं, याला रोल म्हणतात. हँडल आत ढकललं किंवा बाहेर ओढलं की नाक खाली-वर होतं, ही पिच. सेसना १७२ सारखी छोटी विमानं उडवायची असतील तर योकला पर्याय नाही. एअरबसच्या ए३२० मध्ये मात्र १९८८ पासून बाजूला बसवलेली साइडस्टिक आहे. तुम्ही फक्त तीच विमानं उडवत असाल, तर एवढा खटाटोप कशाला?

आधी रचना समजून घ्या

बऱ्याच जणांच्या पहिल्या आराखड्यात पेटीच्या पुढच्या, म्हणजे तुमच्या बाजूच्या, फळीला एक भोक असतं, त्यातून एक दांडा जातो, आणि तोच दांडा फिरतोही आणि सरकतोही. दिसायला सोपं, पण एकाच भोकाकडून दोन कामं करून घेतली की एकही धड होत नाही. भोक सैल ठेवलं तर दांडा डुगडुगतो, घट्ट ठेवलं तर अडकतो.

म्हणून दोन्ही हालचाली वेगळ्या करायच्या. पेटीच्या आत ड्रॉवरच्या चॅनलवर सरकणारा एक लाकडी गाडा. गाड्यावर दोन बेअरिंग, आणि त्या बेअरिंगमध्ये फक्त फिरणारा दांडा. पिच म्हणजे पूर्ण गाडा पुढे-मागे, रोल म्हणजे फक्त दांडा. पुढच्या फळीचं भोक कशालाच आधार देत नाही, दांडा त्यातून मोकळा जातो.

मापं माझ्या आताच्या योकची देतो. ती एकमेकांत गुंतलेली आहेत, त्यामुळे एक बदललंत तर बाकीची पुन्हा जुळवावी लागतील.

- पेटी, आतून: खोली ४३० मिमी, रुंदी १७६ मिमी, उंची १४० मिमी. सगळी १८ मिमी प्लायची.
- गाडा: लांबी २५० मिमी, बाहेरून रुंदी १५० मिमी. बाजू १८ मिमी जाड आणि ६० मिमी उंच, तळ १२ मिमी प्लायचा.
- चॅनल: २५० मिमी लांबीची, पूर्ण उघडणारी, बॉल बेअरिंगची एक जोडी.
- दांडा: २५ मिमी बाहेरच्या व्यासाचा पोकळ ॲल्युमिनियम किंवा स्टील पाइप, साधारण ४९० मिमी.
- बेअरिंग: ६००५ क्रमांकाची दोन. आतला व्यास २५, बाहेरचा ४७, जाडी १२ मिमी.
- पिचचा एकूण प्रवास १५० मिमी, रोल दोन्हीकडे ९० अंश.

पेटीची रुंदी १७६ का? नेहमीच्या ४५ मिमी उंचीच्या चॅनलची जाडी १२.७ मिमी असते. दोन्ही बाजूंची मिळून २५.४. गाड्याच्या १५० मध्ये ती मिळवली आणि अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवली की १७६ येतात. चॅनल हातात आल्याशिवाय लाकूड कापू नका, आधी तिची जाडी मोजा.

पेटी प्लायचीच करा. एमडीएफच्या कडेत स्क्रू धरत नाही, दोनदा काढून घातला की भुसा होतो. भरीव लाकूड देखणं दिसतं, पण हवेतल्या ओलाव्याने ते आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, आणि इथे अर्ध्या मिलिमीटरवर सगळा हिशेब आहे. सागवान वापरायची हौस हँडलच्या मुठींवर भागवा.

चॅनल विकत घेताना

सॉफ्ट-क्लोज किंवा आपोआप बंद होणारी चॅनल घेऊ नका. शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये ती गाडा स्वतःकडे ओढते आणि नाक खाली करताना हँडल हातातून आत निसटल्यासारखं वाटतं. साध्या चॅनललाही पूर्ण बंद स्थितीत रबराची एक हलकी पकड असते. म्हणून गाडा कधीच पूर्ण मागे जाऊ द्यायचा नाही: मागे १५ मिमीचा लाकडी ठोकळा, त्यावर रबर. पुढच्या बाजूलाही तसाच. हिशेब बघा, २५० चा गाडा, १५० चा प्रवास आणि १५-१५ चे दोन ठोकळे मिळून बरोबर ४३० होतात.

पेटी जोडण्याआधीच, बाजूच्या फळ्या टेबलावर आडव्या असताना, चॅनल बसवून घ्या. टेपने मोजून रेघ मारण्यापेक्षा २२ मिमी रुंदीची एक पट्टी कापा, ती फळीच्या खालच्या कडेला लावा आणि तिच्यावर चॅनल टेकवून स्क्रू मारा. दोन्ही बाजूंना तीच पट्टी वापरली की चॅनल आपोआप समांतर येतात. गाड्याच्या बाजूंसाठी तशीच ७ मिमीची पट्टी. त्यामुळे गाडा पेटीच्या तळापासून १५ मिमी वर राहतो. ही फट ताणाच्या दोऱ्यांसाठी आहे.

चॅनलमध्ये काही भोकं लांबट आणि काही गोल असतात. आधी लांबट भोकांतच स्क्रू घालायचे, तेही पूर्ण न आवळता. गाडा बसवून दहा-वीस वेळा पुढे-मागे करा. मध्येच जड लागत असेल तर एक टोक केसभर वर-खाली करून बघा. सगळीकडे सारखाच हलका वाटला की मग गोल भोकांत स्क्रू मारून कायमचं बंद. मी पहिल्या वेळी थेट गोल भोकांत मारले होते आणि शेवटी पेटीची बाजूच नव्याने कापली.

पेटी जोडताना गुण्या लावाच, पण त्यावर विसंबू नका. दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे भरले की चौकोन काटकोनात आहे. सांध्यांना सुतारकामाचा गोंद आणि स्क्रू दोन्ही. वरचं झाकण मात्र फक्त स्क्रूने, कारण ते तुम्ही पुन्हा पुन्हा उघडणार आहात. आतापासून मान्य करून टाका.

बेअरिंग आणि दांडा

गाड्यावर दोन उभ्या फळ्या हव्यात. एक अगदी पुढच्या टोकाला, दुसरी तिच्यापासून २०० मिमी मागे. हे अंतर जेवढं जास्त, तेवढं हँडल कमी डुगडुगतं, कारण पुढच्या बेअरिंगपासून हँडलपर्यंत दांडा सव्वादोनशे मिलिमीटरच्या आसपास अधांतरी असतो. बेअरिंगमध्ये फक्त १०० मिमी अंतर ठेवलं, तर मागच्या बेअरिंगमधली प्रत्येक बारीक ढिलाई हँडलवर दुपटीहून जास्त मोठी होऊन दिसते. २०० ठेवलं तर जवळपास आहे तेवढीच दिसते.

१८ मिमीच्या फळीत १२ मिमी खोल सपाट खळगा करणं साध्या अवजारांनी कठीण जातं. त्याऐवजी प्रत्येक फळी दोन थरांची करा. १२ मिमी प्लायमध्ये ४७ मिमीचं आरपार भोक, आणि तिच्या पाठीला चिकटवलेल्या ६ मिमी प्लायमध्ये ३५ मिमीचं. बेअरिंग जाड थरात बसतं आणि पातळ थराला टेकतं. समोरून तीन छोटे स्क्रू आणि वॉशर लावले की ते बाहेर येत नाही. १२ मिमीच्या दोन्ही फळ्या एकमेकींवर क्लॅम्प करून भोक एकदमच पाडा, म्हणजे मध्य चुकणार नाहीत. मध्याची उंची गाड्याच्या तळापासून ४८ मिमी. ४७ मिमीचा होल सॉ नसेल तर थोडा लहान घ्या आणि ड्रिलच्या तुकड्यावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने सावकाश वाढवा. बेअरिंग अंगठ्याने दाबून, किंचित कुरकुरत आत जायला हवं.

पाइप घेताना व्हर्निअर (बारीक मापं घेण्याचं साधन) सोबत ठेवा. पंचवीसचा म्हणून मिळणारा पाइप पुष्कळदा एक इंची, म्हणजे २५.४ मिमी निघतो. तो २५ च्या बेअरिंगमध्ये जाणारच नाही, आणि पॉलिश पेपरने घासून गोल राखणं हे घरचं काम नव्हे. उलट पाइप किंचित बारीक असेल तर उपाय सोपा आहे: शीतपेयाच्या कॅनचा पत्रा जवळपास ०.१ मिमी जाड असतो, त्याची पट्टी बेअरिंगखाली गुंडाळा.

पोकळ पाइपच का, तर हँडलवरच्या बटणांच्या तारा त्यातून जातात. दोन बेअरिंगच्या मधोमध पाइपच्या अंगाला ८ मिमीचं भोक पाडून तारा बाहेर काढा. भोकाच्या कडा कानशीने गुळगुळीत करा आणि तारांवर रबरी नळी चढवा, नाहीतर दोन महिन्यांत कडा तार सोलून टाकते. फिरणं फक्त ९० अंशांचं असल्यामुळे ताराला एक सैल वेटोळं दिलं तरी भागतं.

हँडल

आकार आधी पुठ्ठ्यावर काढा, कापा, हातात धरा आणि खुर्चीत बसून पाच मिनिटं फिरवून बघा. कागदावर सुंदर दिसलेले दोन आकार मी याच परीक्षेत बाद केले. एकूण रुंदी २८० मिमी पुरते. मूठ ३० ते ३५ मिमी जाड हवी, म्हणजे १२ मिमी प्लायचे तीन थर चिकटवून मग घासायचे. तिन्ही थर आधी ढोबळ कापून, क्लॅम्पखाली रात्रभर ठेवून, नंतर एकत्र अंतिम आकारात जिगसॉने कापले की कडा जुळवत बसावं लागत नाही. मग कानस, त्यानंतर ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर. अंगठा जिथे टेकतो तिथे थोडं जास्त घासा.

हँडल आणि पाइपचा सांधा ही पूर्ण यंत्रातली सर्वात बेइमान जागा. एकच बोल्ट आरपार घातला तर सुरुवातीला दगडासारखं घट्ट वाटतं. पण प्रत्येक वळणाला बोल्ट लाकडाचं भोक थोडं थोडं लांबट करत जातो आणि मग तेच दोन अंश परत येतात. हँडलच्या मागे ४० मिमी खोलीचा लाकडी ठोकळा चिकटवा आणि त्यात पाइप घट्ट बसवा. मग दोन एम६ बोल्ट एकमेकांशी काटकोनात, थोड्या अंतरावर, आरपार. पाइप बसवण्यापूर्वी त्याचं टोक खरबरीत करून इपॉक्सी लावा. कायमचं चिकटवायचं नसेल तर निदान बोल्टांच्या भोकांत धातूच्या नळीचे तुकडे बसवा. बटणं आणि तारांच्या वाटा मात्र चिकटवण्याआधी करून घ्या.

मध्यावर परत आणणाऱ्या दोऱ्या

इथे घाई करू नका, योकचा स्वभाव इथेच ठरतो.

माझ्या पहिल्या योकमध्ये दांड्याच्या मागच्या टोकाला आडवी पट्टी होती आणि तिच्या दोन्ही टोकांना खाली ओढणाऱ्या स्प्रिंगा. मध्याजवळ छान चालायचं. पण पट्टी जशी फिरते तसा तिचा तरफेसारखा पल्ला आखूड होतो. ४५ अंशांपर्यंत जोर वाढतो, तिथून पुढे कमी होत जातो, आणि ९० अंशांवर पट्टी उभी झाल्यावर स्प्रिंग तिला मध्याकडे ओढतच नाही. जोरात वळण घेतलं की हँडल तिथेच पडून राहायचं.

उपाय म्हणजे पट्टीऐवजी गोल चक्री. १८ मिमी प्लायची, ६० मिमी व्यासाची चक्री दांड्यावर, मागच्या बेअरिंगच्या लगेच पुढे, बोल्टने पक्की करा. तिच्या कडेला दोन खोबणी. प्रत्येक खोबणीत ५-६ मिमी जाडीची इलॅस्टिकची दोरी, एक एका दिशेने गुंडाळलेली, दुसरी उलट. दोऱ्या चक्रीच्या दोन बाजूंनी खाली येतात, गाड्याच्या तळावरच्या छोट्या पुलीखालून वळतात आणि गाड्यावरच्याच पुढच्या उभ्या फळीच्या पायथ्याशी हुकाला बांधलेल्या असतात. चक्रीची त्रिज्या कुठल्याही कोनात ३० मिमीच राहते, त्यामुळे जितकं फिरवाल तितकाच जोर वाढतो. दोऱ्यांची टोकं चक्रीच्या माथ्यापलीकडे अडकवा, म्हणजे ९० अंश उलगडल्यावरही दोरी चक्रीवर टेकलेली राहते.

आता एक नियम, जो पिचलाही लागू आहे: कोणतीही दोरी कोणत्याही स्थितीत सैल पडता कामा नये. ३० मिमी त्रिज्येची चक्री ९० अंश फिरली की ४७ मिमी दोरी गुंडाळली जाते आणि समोरची तितकीच सुटते. म्हणून हँडल मध्यावर असताना प्रत्येक दोरी किमान ५५ मिमी ताणलेली हवी. ती अर्ध्यातच सैल झाली तर तिथून पुढे एकच दोरी काम करते, जोर एकदम बदलतो आणि हाताला पायरी लागल्यासारखी जाणवते. दोन्ही सतत ताणात असल्या तर मध्यावर ना खाच लागते ना मोकळी जागा. बाजारातल्या स्वस्त योकमध्ये मध्यावर जो ठसका लागतो, त्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

पिचसाठी गाड्याखालची ती १५ मिमीची फट वापरायची. एक दोरी पेटीच्या मागच्या फळीपासून गाड्याच्या पुढच्या टोकापर्यंत, दुसरी पुढच्या फळीपासून गाड्याच्या मागच्या टोकापर्यंत, म्हणजे दोघी एकमेकींना ओलांडतात. गाडा मध्यावर असताना दोघींची लांबी ३४० मिमी, प्रवासाच्या टोकांना २६५ आणि ४१५. गाठीपासून गाठीपर्यंत, न ताणता, २५० मिमीची दोरी बांधा. सर्वात आखूड स्थितीतही ती १५ मिमी ताणलेली राहते. दोऱ्या उलट बांधल्या, म्हणजे मागच्या फळीपासून गाड्याच्या मागच्याच टोकापर्यंत, तर लांबी जेमतेम ९० मिमी उरते. एवढ्याशा दोरीला ७५ मिमीचा प्रवास झेपत नाही.

जोर किती ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. मला पिच रोलपेक्षा थोडी जड आवडते. दोरी एकेरीची दुहेरी केली की जोर सरळ दुप्पट होतो, म्हणून आधी बारीक दोरीने सुरुवात करा.

रोलला थांबवणारे अडसर विसरू नका. दोन बेअरिंगच्या मध्ये दांड्यातून एक एम६ बोल्ट आडवा काढा आणि तो ९० अंशांना दोन्ही बाजूंनी रबर लावलेल्या ठोकळ्यांवर आपटू द्या. अडसर नसेल तर ते काम हँडलची जागा मोजणाऱ्या सेन्सरवर येतं, आणि पोटेन्शिओमीटरचा (दांडी फिरवली की रोध बदलणारा सेन्सर) आतला थांबा एका रागावलेल्या वळणात तुटतो. माझा असाच तुटला.

सेन्सर

दोन १० किलोओहमचे लिनिअर पोटेन्शिओमीटर पुरतात. त्यांच्यावर सहसा बी१०के लिहिलेलं असतं. आवाजाच्या बटणासाठी असणारा लॉगॅरिदमिक प्रकार घेतलात तर एका बाजूला सगळं कोंबल्यासारखं होईल. खात्री करायची असेल तर दांडी मधोमध ठेवून मल्टीमीटरने मोजा: मधल्या पायापासून दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच रोध हवा.

रोलचा पोटेन्शिओमीटर दांड्याच्या मागच्या टोकाला, एकाच अक्षात. लाकडात दोन अक्ष अगदी तंतोतंत कधीच जुळत नाहीत, आणि घट्ट जोडलं तर पोटेन्शिओमीटर दर फेरीला पिळवटतो. म्हणून त्याची दांडी पाइपच्या टोकात बसवलेल्या लाकडी बुचात पक्की करा, पण त्याचं अंग मोकळं तरंगू द्या. फक्त एक पातळ पत्र्याची पट्टी त्याला गोल फिरण्यापासून अडवेल. ही युक्ती समजल्यापासून माझा एकही पोटेन्शिओमीटर गेलेला नाही.

पिचसाठी सरकता पोटेन्शिओमीटर लावण्याचा मोह होतो. पण १५० मिमी प्रवासाचा सहज मिळत नाही आणि त्यात धूळही लवकर शिरते. त्याऐवजी पेटीच्या बाजूला, गाड्याच्या वर, नेहमीचाच फिरणारा पोटेन्शिओमीटर बसवा आणि त्याच्या दांडीवर ७० मिमी व्यासाची लाकडी चाकी. न ताणणारी बारीक दोरी, मासेमारीची वेणीची दोरी उत्तम, चाकीवर एक वेढा देऊन दोन्ही टोकं गाड्याच्या पुढच्या आणि मागच्या कोपऱ्यांवर उभ्या केलेल्या खुंट्यांना बांधा. एका टोकाला छोटी स्प्रिंग घाला, म्हणजे दोरी कायम ताठ राहील. १५० मिमीच्या प्रवासात चाकी साधारण २४६ अंश फिरते, आणि बहुतेक पोटेन्शिओमीटर २७० ते ३०० अंश फिरतात. गाडा मध्यावर असताना पोटेन्शिओमीटरही मध्यावर आहे ना, ते बघूनच चाकी आवळा.

घासणारे भाग नको असतील तर एएस५६०० हा चुंबकीय सेन्सर आहे. पूर्ण फेरीचे तो ४०९६ भाग करतो, म्हणजे रोलच्या १८० अंशांना २०४८. त्याचं चुंबक व्यासाच्या दिशेने चुंबकीकृत असावं लागतं. साधी गोल चकती लावली तर तो दिशा ओळखत नाही. दोन सेन्सर एकाच आय२सी तारांवर (बोर्डाशी बोलण्याच्या सामायिक तारा) चालत नाहीत, कारण दोघांचा पत्ता एकच आणि न बदलणारा असतो. एकाचं ॲनालॉग आउटपुट वापरा. पण पहिल्या योकला पोटेन्शिओमीटरच लावा, चूक शोधणं सोपं जातं.

बोर्ड आणि तारा

सेन्सर वाचून संगणकाला कळवायला एक छोटा बोर्ड लागतो. आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्या. दोन्हींत एटीमेगा३२यू४ ही चिप असते आणि ती संगणकाला थेट यूएसबी जॉयस्टिक म्हणून दिसू शकते. आर्डुइनो उनो आर३ मध्ये ही सोय सरळ मिळत नाही, घरात पडलाय म्हणून तो वापरू नका. पोटेन्शिओमीटरचे बाहेरचे दोन पाय पाच व्होल्ट आणि ग्राउंडला, मधला ॲनालॉग पिनला. मधला पाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर बोर्डाजवळच लावला की आकड्यांची थरथर बरीच कमी होते. बटणाचं एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला, आणि प्रोग्रॅममध्ये आतला पुल-अप (बटण न दाबता पिनचं व्होल्टेज वर धरणारा रोध) चालू.

आर्डुइनोसाठी तयार जॉयस्टिक लायब्ररी मिळते. तिच्यात दोन अक्ष जाहीर करायचे, प्रत्येकाची कक्षा ० ते १०२३ द्यायची, दर फेरीला दोन्ही पिन वाचून मूल्यं भरायची आणि एकदाच पाठवायची. थरथर उरलीच तर जुन्या मूल्याचे तीन भाग आणि नव्या वाचनाचा एक भाग मिसळा. याहून जास्त गुळगुळीत केलंत तर हँडल आणि विमान यांच्यात उशीर जाणवायला लागतो. प्रोग्रॅम लिहायचाच नसेल तर एसटीएम३२ च्या ब्लू पिल बोर्डावर फ्रीजॉय हे तयार फर्मवेअर चढवता येतं.

रोलचा पोटेन्शिओमीटर १८० अंशच फिरतो, त्यामुळे १०२४ पैकी सहाशेच्या वर पायऱ्या मिळतात. उडवायला तेवढ्या भरपूर झाल्या. टोकाची मूल्यं वाचून तीच लायब्ररीत कक्षा म्हणून द्या.

टेबलावर बसवताना

पेटी टेबलाच्या कडेबाहेर २०-३० मिमी आली पाहिजे, नाहीतर पूर्ण वळणात हँडलचं खालचं टोक टेबलावर आपटतं. दांडा टेबलापासून ९० मिमीच्या आसपास वर असतो आणि हँडलची एक बाजू १४० मिमीची, म्हणजे ९० अंशांवर ती कडेच्या जवळपास ५० मिमी खाली उतरते. खुर्चीत बसून मांड्यांना लागत नाही ना, ते आधी बघा. लागत असेल तर पेटीखाली फळी घालून ती उचला.

दोन जी-क्लॅम्प पेटीच्या पुढच्या भागात नकोत. ओढताना पेटी पुढच्या कडेवर उलटायला बघते, म्हणून तळाची फळी दोन्ही बाजूंना ५० मिमी रुंद ठेवा आणि क्लॅम्प शक्य तितके मागे लावा. पेटीखाली पातळ रबराची चटई घातली की कमी दाबातही ती घसरत नाही.

पहिली चाचणी सिम्युलेटरमध्ये करू नका. संगणकाच्या गेम कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जा, हँडल सोडा आणि खूण बघा. नंतर हँडल एका बाजूला किंचित ढकलून सोडा, मग दुसऱ्या बाजूला. दोन्ही वेळा खूण एकाच जागी परतली पाहिजे. वेगवेगळ्या जागी थांबत असेल तर कुठेतरी घर्षण जास्त आहे, आणि बहुधा ते चॅनल समांतर नसल्यामुळे किंवा बेअरिंगचे मध्य चुकल्यामुळे आहे. खूण स्थिर पण हँडल हलतंय, तर ढिलाई हँडलच्या सांध्यात, चक्रीच्या बोल्टमध्ये किंवा चाकीच्या दोरीत आहे. दांडा आत हाताने घट्ट धरून बाहेरून हँडल हलवा, एकेक सांधा तपासा, अपराधी सापडतोच. पूर्ण उघडणाऱ्या चॅनलचा मधला भाग कधीकधी प्रवासात टक्कन वाजतो. थोडं घट्ट ग्रीस भरलं की आवाजही जातो आणि हालचालीला एक छान जडपणा येतो.

एक्स-प्लेन, फ्लाइटगिअर किंवा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर यांपैकी काहीही उघडलंत तरी आधी डेड झोन (मध्याजवळची हालचाल मोजायचीच नाही अशी सेटिंग) शून्य करा. यंत्रात ढिलाई उरली नसेल तर त्याची गरज नसते. संवेदनशीलतेची वक्ररेषाही पहिल्या तासभर सरळच असू द्या. मग छोटं विमान घेऊन हजारभर मीटर उंचीवर जा, ट्रिम (हात सोडला तरी नाक जागेवर ठेवणारी जुळवणी) लावा आणि हँडल सोडून द्या. नाक हळूहळू एकाच दिशेला जात असेल तर ट्रिम अजून नीट बसलेला नाही. ते धक्क्याधक्क्याने वर-खाली होत असेल तर झाकण उघडा आणि पिचच्या चाकीवरची दोरी ताठ आहे का बघा.